दोन्ही टोकं जमिनीला

रविवार, १ फेब्रुवारी २००४

काल संध्याकाळी सिग्नल खात्यातली माझी छत्तीस वर्षं संपली. हार, शाल, नारळ, तीन भाषणं. तिन्हींत मी न केलेली कामं माझ्या नावावर होती आणि केलेली एकातही नव्हती. ते असो. आज पहाटे साडेचारला सवयीने जाग आली, फोनकडे बघितलं. आता कुठल्याही स्टेशनावर सिग्नल लाल अडकून बसला तरी हा फोन मला काही सांगणार नाही. हे लक्षात आल्यावर इतकं हलकं वाटलं की पुन्हा पांघरूण ओढलं आणि साडेसातपर्यंत झोपलो. कौमुदी दोनदा येऊन नवऱ्याचा श्वास चालू आहे का ते बघून गेली म्हणे.

ही डायरी संपदाने दिली. तिच्या मंत्रालयात नव्या राज्याच्या डायऱ्यांचे गठ्ठे येतात. आत छत्तीसगडचा नकाशा आहे, त्यात रायपूरला राजधानीची चांदणी. "बाबा, लिखा करो. टाइम पास होगा," म्हणाली. लेक मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच देते. तीस वर्षं रायपूरच्या पुरानी बस्तीत राहिल्यावर दोष तरी कोणाला द्यायचा?

बुधवार, ४ फेब्रुवारी

चार दिवसांत घरातला प्रत्येक स्विच उघडून, साफ करून, पुन्हा बसवून झाला. मिक्सरकडे वळलो तेव्हा कौमुदी आडवी आली. "हे पहा, तुमाले करमत नसन तर बाहीर जा. पण माह्या मिक्सरले हात लावान तर याद राखा!"

देव कसा धावून येतो बघा. दुपारी शंकरलालजींचा फोन आला. उरल्याला त्यांची लोखंडी सळ्यांची मिल आहे. कधीकाळी त्यांच्या मालधक्क्याच्या फाटकाचं काम मी बघितलं होतं, ते त्यांनी लक्षात ठेवलं. भट्टीचं तापमान दाखवणारा नवा आकड्यांचा मीटर त्यांना केबिनमध्ये लावायचा आहे. "देवतले जी, सिग्नल का ही तो काम है, छोटा सिग्नल समझ लीजिए," म्हणाले. मी दोन मिनिटं विचार केल्यासारखं केलं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

स्कूटरवर उरल्याला गेलो. ट्रकच्या मागे धूळ खात गेलो, पण काय सांगू, बरं वाटलं.

मिलचं काम असं. लोखंडाचे ठोकळे भट्टीत लालपिवळे होईस्तोवर तापवायचे, मग एकामागून एक फिरत्या रोलांमधून काढत काढत त्यांची सळी करायची. ठोकळा कमी तापला तर रोलांत अडतो, आणि मागून येणारी जळती सळी वाट सोडून साप उसळावा तशी हवेत उसळते. त्याला तिथे मिसरोल म्हणतात. तिथल्या माणसांच्या हातांवरचे जुने डाग बघितले की मिसरोल म्हणजे काय ते वेगळं विचारावं लागत नाही.

भट्टीवर नरेश साहू नावाचा माणूस आहे. चाळिशीचा, बीरगावात राहतो, सोळा वर्षं याच भट्टीवर. जुना काट्याचा मीटर वर्षभर बिघडलेलाच होता. हा माणूस झाकण उचलून आत बघतो, म्हणतो "ग्यारह सौ साठ," आणि तेलाची चावी तेवढीच फिरवतो. शंकरलालजींना हे पसंत नाही. "राजधानी बन गई, और हम अभी भी आँख से नाप रहे हैं!"

मलाही पटलं. नरेशला समजावलं, की बाबा रे, डोळा थकतो, यंत्र थकत नाही. तो हसून "हव बाबूजी" म्हणाला. माणूस गुणी वाटला.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज मिलला सुट्टी, भट्टी मंद चालू. सगळं काम आजच उरकलं.

केबलवरून शंकरलालजींशी चांगलीच जुंपली होती. त्यांना घरात वापरतात तसली साधी जोडतार चालणार होती. मी म्हटलं, भट्टीत खुपसलेल्या तापमान मोजणाऱ्या कांडीतून येणारा सिग्नल येऊन जाऊन एका व्होल्टचा शंभरावा भाग. शेजारी शेकडो अश्वशक्तीची मोटर. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना कुणी कानात निरोप सांगावा, तशातली ही गोष्ट आहे. तेव्हा तार हवी कांडीच्याच जातीच्या धातूची, दोन्ही तारा एकमेकींना पीळ दिलेल्या, आणि वरून तांब्याच्या जाळीचं वेष्टन. आणि मोटरच्या केबलपासून चार हात लांब, स्वतःच्या लोखंडी नळीतून. शेवटी त्यांनी हात जोडले आणि मी म्हटली तीच केबल आली.

जोडणीला त्यांचा इलेक्ट्रिशियन अर्जुन होता. त्याने जाळीचं भट्टीकडचं टोक जमिनीला, म्हणजे अर्थिंगला जोडलं आणि केबिनकडचं तसंच मोकळं सोडून टेप गुंडाळू लागला. मी म्हटलं, हे काय? तो म्हणाला, "बाबूजी, यहाँ तो एक ही तरफ करते हैं."

"क्यों?"

"वो तो मालूम नहीं. पहले वाले इंजीनियर साहब बोले थे."

मी त्याला बजावलं, ज्या गोष्टीचं कारण माहीत नाही ती करू नये. रेल्वेत छत्तीस वर्षं आम्ही केबलची दोन्ही टोकं जमिनीला जोडली, एक टोक सुटलं तर साहेब मेमो देत. मी स्वतः पाना घेतला आणि केबिनकडचं टोकही पक्कं आवळलं. मीटर लावला. एक आकडा इकडचा तिकडे हलला नाही, देवघरातल्या समईसारखा स्थिर. नरेशने झाकण उचलून बघितलं आणि मान डोलावली, दोघांचं जुळलं.

घरी येऊन कौमुदीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं बाई. माहा मिक्सर वाचला."

सोमवार, ९ फेब्रुवारी

मिल चालू झाली. मीटर छान चालतो. शंकरलालजींनी चहाबरोबर समोसे मागवले.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

सहज चक्कर टाकली. नरेश मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबूजी, मीटर बारह सौ दस बोल रहा है. मेरे को साढ़े ग्यारह सौ से ऊपर नहीं दिखता. रंग वैसा नहीं है."

मी केबिनमध्ये जाऊन पाहिलं. बाराशे दहा. आकडा थोडा थरथरत होता, पण बाराशेच्या खाली काही येत नव्हता. त्याला म्हटलं, रविवारी तर तुझं नि मीटरचं जुळलं होतं? म्हणाला, हो. मग मीच त्याच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. लाल होते, सारखे चोळत होता. सोळा वर्षं आगीत बघणं म्हणजे काही थट्टा नाही. मी अगदी आपुलकीने म्हटलं, "नरेश, एकदा डोळे दाखवून घे बरं. वय होतं माणसाचं."

त्याने तेल कमी केलं, मीटर सांगत होता त्याप्रमाणे.

सोमवार, १६ फेब्रुवारी

आज दुपारी मिसरोल झाला. कोणाला लागलं नाही, परमेश्वराची कृपा. सळी छपराच्या पत्र्यापर्यंत उसळली होती म्हणे. ठोकळा थंड होता. शंकरलालजी नरेशवर ओरडले, की मीटर समोर असताना थंड माल आत जातोच कसा. नरेश म्हणाला, मीटर तर बाराशे सांगत होता. "तो मीटर झूठा है?" शंकरलालजींनी विचारलं.

मी संध्याकाळी केबल टोकापासून टोकापर्यंत तपासली. कुठे ओरखडासुद्धा नाही. दोन्ही टोकं घट्ट. घरी येताना वाटेत मारुतीला नारळ फोडला.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

पुन्हा मिसरोल. सळी चिमटेवाल्याच्या खांद्यावरून गेली, त्याचा गमछा जळाला. माणूस चार बोटांनी वाचला. सगळी मिल तिथे गोळा झाली, आणि सगळी नरेशकडे बघत होती.

शंकरलालजींनी त्याला घरी पाठवलं. "इसकी नज़र गई है. इसके बाप की भी ऐसे ही गई थी, भट्टी पर." फैसला महिना संपताना करू म्हणाले, पण फैसला काय होणार ते सगळ्यांना दिसत होतं. नरेशने टोपी खुंटीला लावली आणि सायकल घेऊन गेला. जाताना माझ्याकडे बघून नमस्कार केला.

डायरीत खोटं कशाला लिहू? शंकरलालजी जेव्हा "नज़र" म्हणाले तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. मीटरला कुणी बोल लावला नाही, केबलला नाही, मला नाही. घरी येईस्तोवर हे हलकं वाटणं टिकलं. ताट अर्धं ठेवून उठलो.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

कौमुदीने काल विचारलं नाही, आज विचारलं. सांगितलं सगळं. ती तांदूळ निवडत होती, निवडता निवडता म्हणाली, "तुमच्या अच्युतरावांची याद येऊन राहिली मले."

अच्युतराव माझे पहिले इन्स्पेक्टर. मी चोवीस वर्षांचा असताना एका लहानशा स्टेशनावर सिग्नल चुकीचा पडला. मी एकवीस दिवस निलंबित होतो. दोष खांबावरच्या पेटीत होता आणि ती पेटी आदल्या आठवड्यात अच्युतरावांनी स्वतः उघडली होती. त्यांना ते माहीत होतं, मला माहीत होतं. ते एक शब्द बोलले नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी. बावीस वर्षांनी त्यांच्या तेराव्याला मी गेलो नाही, कौमुदीने सांगूनही.

मी तिला म्हटलं, हे वेगळं आहे. इथे मी काहीही लपवत नाही. केबल तपासली आहे मी.

"मी कुठं काय म्हनली?" ती म्हणाली. आणि तांदूळ निवडत राहिली.

रविवार, २२ फेब्रुवारी

बीरगावला नरेशच्या घरी गेलो. काहून गेलो, मलाच ठाऊक नाही. धीर द्यायला म्हणून गेलो असं धरू.

दोन खोल्या, पुढे ओसरी. ओसरीत त्याचे वडील बसलेले, डोळे उघडे पण नजर भलतीकडे. पावलांच्या आवाजावरून माझ्या दिशेला हात जोडले. त्याची बायको ममता हिने पाट मांडला, चहा ठेवला. नरेश शहरातल्या एका नेत्र रुग्णालयात जाऊन आला होता. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळे ठीक आहेत, थेंब घाला. मी म्हटलं, मग छानच की! नरेश म्हणाला, "डॉक्टर ने अक्षर पढ़ाए, बाबूजी. रंग थोड़ी पूछा."

ममता चुलीजवळून एकदम बोलली. तशी ती बोलणाऱ्यातली वाटली नव्हती. "भैया, ये दिन भर चूल्हे के सामने बैठते हैं. पूछते हैं, ममता, अभी आग कैसी है? लाल कि नारंगी? मैं नारंगी बोलूँ तो पूछते हैं, सच बोल रही है न? कल रात बाबू का हाथ पकड़ के पूछ रहे थे, बाबू, पहली बार कैसे पता चला था."

म्हातारा ओसरीत तसाच बसून होता. मी चहाचा कप खाली ठेवला.

निघताना नरेश स्कूटरपर्यंत सोडायला आला. शेजारी लावलेली आपली सायकल धरून उभा राहिला. म्हणाला, "एक बात बोलूँ? खाने की छुट्टी में मीटर और मैं बराबर बोलते थे. रोलिंग चालू हुई कि वो ऊपर भागता था. पर अब मेरे को अपनी बात पर ही भरोसा नहीं."

मी म्हटलं, बघतो. रस्ताभर स्वतःला समजावत आलो, की बुडत्याला काडीचा आधार, बिचारा मीटरला नाव ठेवणारच.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

झोप नाही लागली नीट. जेवणाच्या सुट्टीत बरोबर, रोलिंग चालू झाली की चुकीचं. ज्याची नजर जाते त्याची सुट्टीत परत येते का?

भट्टीवर नवा माणूस आहे, जवान, डोळे घारीसारखे. त्याच्याही हातून आज थंड ठोकळा निघाला, रोलमध्ये अडला, वेळेवर मोटर बंद केली म्हणून बरं. सगळे म्हणाले, नवीन आहे, शिकेल. नरेशला कुणी असं म्हटलं नव्हतं.

बुधवार, २५ फेब्रुवारी

सविस्तर लिहितो, कारण हे मला विसरायचं नाही.

सकाळी भंगारातून जुना काट्याचा मीटर काढला, अर्जुनकडून दुरुस्त करून घेतला आणि दोन हात तारेने भट्टीपाशीच कांडीला जोडला. जेवणाच्या सुट्टीत काटा अकराशे चाळीस. केबिनमध्ये धावत गेलो, तिथेही अकराशे चाळीस. मग मोटर चालू झाली, पहिला ठोकळा रोलांत शिरला, मोटरने ओढ घेतली. केबिनमधला आकडा चढत चढत बाराशे पाचवर गेला. भट्टीपाशी येऊन बघतो तर काटा जागच्या जागी.

म्हणजे भट्टी खरं बोलते आणि माझी चाळीस मीटर केबल वाटेत निरोप बदलते. माझी, मी भांडून आणलेली.

तारांचं माप घ्यायचं म्हणून केबिनमधला जाळीचा अर्थिंगचा नट सैल केला. जाळी जमिनीला जोडणारी पट्टी सुटताना बारीकशी ठिणगी उडाली, आणि माझ्यासमोर आकडा बाराशे पाचवरून अकराशे चाळीसवर आला. मोटर तशीच घरघरत होती. पुन्हा पट्टी टेकवली, बाराशे. काढली, अकराशे चाळीस. असं मी सात वेळा केलं. अर्जुन शेजारी उभा होता. त्या भल्या माणसाने "मैंने कहा था" असं एकदाही म्हटलं नाही.

मग त्याच स्टुलावर बसून, साठाव्या वर्षी, पहिल्यांदा विचार केला की रेल्वेत आपण दोन्ही टोकं का जोडत होतो. तिथे पंचवीस हजार व्होल्टची तार मैलोगणती केबलच्या सोबतीने धावते. तिचा उपद्रव केबलमध्ये उतरू नये म्हणून जाळीतून प्रवाह वाहू द्यावा लागतो, तोच तो उपद्रव कापतो. त्यासाठी दोन्ही टोकं. इथे तशी तारच नाही. इथे भट्टीकडची जमीन आणि केबिनकडची जमीन मोटरने ओढ घेतली की सारख्या राहत नाहीत. मी त्या दोघींना जाळीने जोडून दिलं, त्यांच्यातला फरक जाळीतून वाहायला लागला, आणि आतली कुजबुज त्यात बुडाली. आणि मी तपासणी कधी केली? रविवारी. मोटर बंद असताना.

ज्या गोष्टीचं कारण माहीत नाही ती करू नये, असं अर्जुनला ऐकवणारा उंटावरचा शहाणा मीच. त्यालाही कारण माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. फरक एवढाच, की त्याचं बरोबर होतं.

केबिनकडची पट्टी कापून टाकली आणि टोकाला टेप गुंडाळली. तुकडा खिशात ठेवला.

आणि एक गोष्ट. घरी येताना फाफाडीहच्या सिग्नलला थांबलो होतो तेव्हा मनात आलं, की कुणाला काही न सांगता चालेल. मीटर आता बरोबर दाखवील. मिसरोल थांबतील. नरेश गेला म्हणून थांबले असं लोक समजतील. एवढं सोपं होतं. दिवा हिरवा झाला तरी मी उभाच, मागचे हॉर्न वाजवत होते. अच्युतरावही त्या वेळी असेच कुठेतरी थांबले असतील. ते काही राक्षस नव्हते. चांगले होते तसे.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

रेल्वेत बिघाड झाला की चोवीस तासांत अहवाल द्यावा लागतो. ठरलेले रकाने असतात: बिघाड काय, कधी लक्षात आला, कारण, उपाय, जबाबदार व्यक्ती. मिलमध्ये असलं काही कुणी मागत नाही. तरी मी सकाळी बसून कोऱ्या कागदावर रकाने आखले आणि सगळं हिंदीत लिहिलं, म्हणजे वाचता येईल. शेवटच्या रकान्यात लिहिलं: यज्ञेश्वर देवतळे. छत्तीस वर्षांत या रकान्यात मी कितीतरी नावं लिहिली. हे पहिल्यांदा.

कौमुदीला वाचून दाखवला. तिने पूर्ण ऐकून घेतला. "जबाबदार म्हून लिवलं ते नाव मोठ्या अक्षरात लिवा," म्हणाली, "लहान दिसून राहिलं." मग आत गेली, आणि स्वयंपाकघरातून नाक ओढल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा माझ्या डब्यात पुरणपोळी होती. सण नाही, वार नाही.

शंकरलालजींनी कागद वाचलाच नाही. मी तोंडी सांगितलं. त्यांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "देवतले जी, आदमी मर सकता था." मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. "रिटायर आदमी हो, बात दबा देते तो मुझे क्या पता चलता?" मी खिशातून पट्टीचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट केला, आणि म्हणाले, "उसको भी मैंने ही भगाया. मैंने तो सबके सामने भगाया."

मग आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, की अहवाल हजेरीच्या घड्याळाजवळच्या फळ्यावर लागेल. सगळ्यांसमोर गेलं ते सगळ्यांसमोर परत यायला पाहिजे. पहिल्या पाळीच्या माणसांना अर्जुनने तो मोठ्याने वाचून दाखवला. मी तिथेच उभा होतो. वाचून झाल्यावर ज्याचा गमछा जळाला होता तो चिमटेवाला माझ्याजवळ आला. वाटलं, आता बोलेल चार शब्द, आणि त्याचा हक्कच होता. तो म्हणाला, "बाबूजी, तो नरेश भैया को कौन बोलने जाएगा?"

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

मीच गेलो. शंकरलालजी यायला तयार होते, म्हटलं, तुम्ही उद्या या, आज मला जाऊ द्या.

नरेश चुलीसमोर बसला होता. मी पाटावर बसलो नाही, त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. वाटेत भाषण ठरवलं होतं ते सगळं विसरलो. सरळ सांगितलं. मीटर खोटा बोलत होता. माझ्यामुळे. तुझा रंग बरोबर होता, बारा तारखेलाही, सोळा तारखेलाही, एकोणिसालाही. मी तुला डोळे दाखव म्हटलं ते चुकलं. मी हात जोडले. त्याने माझे हात धरले नाहीत, माफीबद्दल काही म्हटलं नाही, नोकरीबद्दलही विचारलं नाही. मला वाटलं, रागावला आहे. रागावू दे.

तो चुलीकडे बघत होता. मग हिंदी सोडून, स्वतःच्या बोलीत म्हणाला, "त मोर आँखी बने हे?"

म्हणजे माझे डोळे ठीक आहेत?

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आठवडाभर समजत होतो की या माणसाची नोकरी गेली आहे. नोकरी तो दुसरीकडे शोधू शकला असता. मी त्याचे डोळे नेले होते.

"हव," मी म्हटलं. छत्तीसगढी मला येत नाही, पण तीस वर्षांत एवढं येतं. "बने हे, नरेश. एकदम बने हे."

त्याने गुडघ्यांत डोकं घातलं आणि रडला. ममता दारात उभी राहून पदराने तोंड पुसत होती. ओसरीतून म्हातारा मोठ्याने विचारत होता, काय झालं, काय झालं रे, कोण आलंय. नरेश उठून त्याच्याकडे गेला, खाली वाकून त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. म्हाताऱ्याने चाचपडत त्याचा चेहरा धरला आणि त्याच्या दोन्ही पापण्यांवरून अंगठा फिरवला.

मी बाहेर येऊन स्कूटरपाशी उभा राहिलो.

सोमवार, १ मार्च

नरेश कामावर. शंकरलालजी शनिवारी स्वतः त्याच्या घरी जाऊन आले. आज नवीन नियम झाला. मीटर बघायचा, आणि नरेशलाही विचारायचं. दोघांचं पटलं नाही तर मोटर थांबवायची आणि मला फोन करायचा. म्हणजे झाली का फोनची कटकट पुन्हा सुरू. पण खरं सांगतो, वाजला तर आवडेल.

दिवसभरात एकदाही वाजला नाही.

रविवार, ७ मार्च

धुळवड. संपदाने सकाळीच मला हिरवा केला. दुपारी नरेश, ममता आणि म्हातारा रिक्षातून आले, सोबत डब्यात अनरसे आणि शंकरपाळ्यांसारखी गोड खुरमी. म्हातारबाबांना कौमुदीने खुर्चीत बसवलं, त्यांच्या कपाळाला गुलाल लावला. ते म्हणाले, "कौन से रंग के हे बेटी?" नरेश लगेच म्हणाला, "गुलाबी, बाबू." लगेच म्हणाला, कुणाकडे न बघता.

मी त्याला आमच्या मिक्सरच्या मोटरमधलं काहीतरी दाखवत होतो (हो, शेवटी उघडला). स्वयंपाकघरात ममता नि कौमुदी पुरी तळत होत्या. गॅस मोठा झाला असावा, कौमुदी म्हणाली, "पाय वं, ज्योत पिवळी होऊन राहिली का?" तेव्हा ममता हसायला लागली. मग म्हणाली, "दीदी, ये अब मेरे को नहीं पूछते. दस दिन हो गए. एक बार भी नहीं पूछा."

नरेशने ऐकलं की नाही कोण जाणे. तो मिक्सरच्या तारा बघत होता.

ते गेल्यावर अंघोळ केली, हिरवा रंग काही पूर्ण निघाला नाही. आडवा झालो तो थेट संध्याकाळी देवळातल्या घंटेने जागा झालो. कौमुदी म्हणते, आज ती श्वास बघायला आली नाही, घोरणं शेजारपर्यंत ऐकू येत होतं.